स्त्रियांची गुडघेदुखी : भार, स्नायू आणि रोजची हालचाल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला विभागाच्या विद्यमाने दिलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषयाच्या निवडीसाठी फारसे अडून बसावे लागले नाही. आपले सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. आज ज्या भगिनी येथे उपस्थित आहेत त्यांपैकी कित्येकजणी कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत वर आल्या; आणि काहीजणी, केवळ जिना आहे म्हणून, घरीच राहिल्या. या घरी राहिलेल्या भगिनींविषयी आम्हांस प्रामुख्याने बोलावयाचे आहे. गुडघा दुखतो म्हणून माणूस मरत नाही हे खरे. पण गुडघा दुखतो म्हणून बाई प्रथम देवळात जाणे सोडते, मग बाजार सोडते, मग लग्नकार्य सोडते, आणि दहा वर्षांनी पाहावे तो तिचे सारे जग पलंग आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये येऊन थांबलेले असते. हे इतके हळूहळू घडते की घरातील मंडळींच्या ते ध्यानातही येत नाही.

गुडघे दुखू लागले की आपल्याकडे दोन निदाने ठरलेली आहेत. एक, ‘आता वय झाले’. आणि दुसरे, ‘गुडघ्यातले वंगण संपले’. निदाने दोन असली तरी त्यांवरील उपाय मात्र एकच समजला जातो, तो म्हणजे शक्य तितके बसून राहणे. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. वयाचा परिणाम होतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण बहुतेक गुडघेदुखी हा मुळात भाराचा आणि बळाचा हिशेब आहे. गुडघ्यावर भार किती येतो, आणि तो उचलून धरण्याचे बळ मांडीच्या व खुब्याच्या स्नायूंत किती आहे, या दोन बाजू जोवर जुळतात तोवर झिजलेला गुडघाही पुष्कळ वर्षे मुकाट्याने काम करतो. त्या जुळेनाशा झाल्या की क्ष-किरण चित्रात फारसे काही न दिसणारा गुडघाही रात्रीची झोप उडवितो. बसून राहिल्याने यांतील बळाची बाजू दिवसेंदिवस रिकामी होत जाते.

गुडघ्याच्या रचनेचे फार वर्णन आम्ही करीत नाही. वर मांडीचे हाड, खाली नडगी, पुढे वाटी, हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, दोन हाडांमध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, आणि हे सारे बांधून ठेवणारे अस्थिबंध, इतके लक्षात ठेवले म्हणजे पुरे. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहण्यास तिच्यावर दाब पडणे व सुटणे आवश्यक असते. स्पंज दाबावा आणि सोडावा, तसे. म्हणजे चालणे हे कूर्चेचे जेवण होय. वंगण वाचविण्यासाठी हालचाल बंद करणारी बाई नकळत आपल्या गुडघ्याला उपास घडवीत असते.

आता भाराकडे वळू. आपले वजन साठ किलो असले म्हणजे गुडघ्यावर साठ किलो भार पडत असेल, अशी आपली सहज समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. बर्लिन येथील शारिटे रुग्णालयाच्या संशोधकांनी पाच रुग्णांच्या गुडघ्यांत असे कृत्रिम सांधे बसविले होते की, त्यांतील मापकयंत्रे आत पडणारा भार बिनतारी संदेशाने बाहेर कळवीत. त्यांची मोजमापे २०१० साली प्रसिद्ध झाली. दोन्ही पायांवर नुसते उभे राहिले असता एका गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या जेमतेम १०७ टक्के भार आला. सपाट जमिनीवर चालताना तो २६१ टक्क्यांवर गेला, जिना चढताना ३१६ टक्क्यांवर, आणि जिना उतरताना ३४६ टक्क्यांवर. साठ किलो वजनाची बाई जिना उतरते तेव्हा, या हिशेबाने, प्रत्येक पायरीस तिच्या एकेका गुडघ्यावर क्षणभर दोनशे किलोंहून अधिक भार येतो. रुग्ण पाचच होते आणि सांधे कृत्रिम होते, हे खरे. तथापि माणसाच्या शरीरात, प्रत्यक्ष सांध्याच्या आत केलेले हे मोजमाप असल्याने त्याला मोल आहे.

वजनाहून अधिक भार येतो कोठून, असा प्रश्न कोणीही विचारील. तो येतो आपल्याच स्नायूंच्या ओढीतून. पाय वाकलेला असताना शरीर खाली कोसळू नये म्हणून मांडीच्या पुढचा मोठा स्नायू जोराने आखडतो. हा स्नायू चार शिरांचा असून त्याचा कंडरा वाटीला धरून पुढे नडगीवर उतरतो. विहिरीवरच्या रहाटाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दोर सरळ लोंबत असेल तर तो कशालाही घासत नाही. चाकावरून वळला की चाकाला दाबतो, आणि जितका अधिक वळतो तितका अधिक दाबतो. वाटी ही त्या दोरात ओवलेली, चाकाच्या खोबणीतून सरकणारी चकती समजा. गुडघा सरळ असताना ती जवळजवळ मोकळी असते. पाट्यावरून, जमिनीवरून, खालच्या खुर्चीवरून आपण उठू लागतो तेव्हा गुडघा पुरता वाकलेला, दोर पुरता ताणलेला, आणि वाटी मांडीच्या हाडावर घट्ट दाबलेली, अशी स्थिती होते. म्हणूनच ज्या बाईला मैलभर चालताना काही होत नाही तिला जेवणाच्या पंगतीतून उठताना मात्र ‘आई गं’ म्हणावे लागते.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक का दुखते, याचेही उत्तर रहाटाजवळच आहे. भरलेली घागर वर ओढणे कष्टाचे खरे. पण तीच घागर हिंदकळू न देता हळूच खाली सोडावयाची झाली तर दोर हातातून जपून, रोखून धरीत सोडावा लागतो. जिना उतरताना मांडीचा स्नायू नेमके हेच करीत असतो. तो लांब होत असतो आणि त्याच वेळी रोखूनही धरीत असतो. स्नायू अशक्त असला की हे रोखणे साधत नाही. शरीर पायरीवर धप्पकन आदळते, आणि जो हिसका स्नायूने सोसावयाचा तो गुडघ्याला बसतो. ‘चढते मी कशीही, पण उतरताना जीव जातो’, हे वाक्य आम्ही दवाखान्यात इतक्या वेळा ऐकले आहे की ते उच्चारले जाताच आमचा हात प्रथम त्या बाईच्या मांडीकडे जातो, गुडघ्याकडे नव्हे.

मग हे स्त्रियांनाच अधिक का? पन्नाशीनंतर गुडघ्यांची झीज पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, आणि वाटीभोवतीचे दुखणे तर तरुण मुलींतही मुलग्यांपेक्षा अधिक दिसते. पूर्वीच्या पुस्तकांतून याचे एक सुटसुटीत कारण दिलेले असे. स्त्रियांचे कटीर रुंद, म्हणून मांडीचे हाड अधिक तिरके, म्हणून वाटी बाहेरच्या बाजूस ओढली जाते. हे कारण ऐकून बाईने काय करावे? कटीर काही बदलता येत नाही. तेव्हा विधिलिखित म्हणून स्वस्थ बसावे, एवढाच त्याचा अर्थ होई. सुदैवाने हे स्पष्टीकरण अपुरे ठरले आहे. उभ्या माणसाच्या मांडीचा कोन मोजून कोणाचा गुडघा दुखेल हे सांगता येत नाही, असे अनुभवास आले. २००३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी वाटी सरकण्याचा त्रास असलेल्या स्त्रियांच्या गुडघ्यांचे चुंबकीय चित्रण केले, आणि तेही त्यांवर भार असताना. दिसले ते असे की, अशा वेळी वाटी बाहेर सरकत नसून तिच्या खालचे मांडीचे हाडच आत वळत होते. आमच्या रहाटाच्या भाषेत बोलावयाचे तर दोर जागेवरच होता. चाकाचा खांब कलला होता, आणि म्हणून दोर चाकाच्या एका काठाला घासत होता.

मांडीचे हाड आत वळू न देण्याचे काम खुब्याच्या बाहेरील व मागील बाजूचे स्नायू करतात. त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत, वाटीभोवती दुखणाऱ्या पंधरा तरुण स्त्रियांची तुलना निरोगी स्त्रियांशी केली असता, पाय बाजूला उचलण्याचे बळ २६ टक्क्यांनी आणि मांडी बाहेर वळविण्याचे बळ ३६ टक्क्यांनी कमी भरले. अशक्तपणा आधी आणि दुखणे मागून, की दुखण्यामुळे हालचाल कमी होऊन अशक्तपणा, याविषयी तज्ज्ञांत वाद झाला आहे, आणि नंतरच्या अभ्यासांचा कल दुसऱ्या बाजूकडे अधिक आहे. आमच्या मते रुग्णाच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व थोडे. बळ वाढविले असता दुखणे कमी होते, हे वारंवार दिसून आले आहे, आणि आपल्याला काम तेवढ्याशी आहे.

हे घरच्या घरी पाहता येते. आरशासमोर, एका हाताने टेबलाचा आधार घेऊन, एका पायावर उभे राहावे आणि तो गुडघा किंचित वाकवावा. गुडघा पायाच्या मधल्या बोटांच्या दिशेने पुढे आला तर उत्तम. तो अंगठ्यावरून आतल्या बाजूस झुकत असेल, किंवा दुसऱ्या बाजूची कंबर खाली लचकत असेल, तर खुब्याचे स्नायू आपले काम पुरते करीत नाहीत असे समजावे. पायरी चढताना, बस पकडताना, मूल कडेवर घेऊन उठताना हाच झोक दिवसातून शेकडो वेळा पडत असतो.

येथे एक आक्षेप ठरलेला आहे. ‘आमच्या आज्या जन्मभर जमिनीवर बसल्या, जात्यावर दळले, विहिरीचे पाणी काढले, त्यांचे गुडघे कोठे दुखत होते?’ आमचे नम्र उत्तर असे की, पुष्कळजणींचे दुखत होते. विचारले कोणी नाही, आणि त्यांनी सांगितले नाही. याला परदेशचा एक पुरावा आहे. चीनमध्येही जमिनीलगत उकिडवे बसण्याची चाल जुनी आहे. बीजिंगमधील साठीपुढील स्त्रियांची अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांशी तुलना करणारा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. बीजिंगच्या स्त्रिया अंगाने सडपातळ. तरीही गुडघ्यांची झीज त्यांच्यात अधिक निघाली. पुढे २००४ साली त्याच अभ्यासातून असे दिसून आले की, ज्यांनी तरुणपणी दिवसाचे पुष्कळ तास उकिडवे बसून काढले होते त्यांच्यात झिजेचे प्रमाण अधिक होते. तेव्हा जुन्या राहणीचे सगळेच गुडघ्याच्या हिताचे होते, असे म्हणण्यात अर्थ नाही.

परंतु आक्षेपात तथ्यही आहे, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्या आज्या जमिनीवर बसत तशाच दिवसातून पन्नास वेळा उठतही. ते उठणे हाच त्यांच्या मांड्यांचा व्यायाम होता. आजची स्थिती मधल्यामध्ये लोंबकळते आहे. स्वयंपाक ओट्याशी, म्हणजे तासन्‌तास एका जागी उभ्याने; विश्रांती सोफ्यावर, तोही इतका खोल आणि मऊ की त्यातून उठणे हीच एक शिक्षा; आणि जमिनीवर बसणे वर्षातून चार वेळा, सत्यनारायणाला नाहीतर हळदीकुंकवाला, तेही एकदम दोन तास. बळ मिळविण्याची संधी गेली आणि भाराचे प्रसंग मात्र राहिले. जमिनीवर बसणे पाप आहे असे आमचे मत नाही. ज्यांना दुखत नाही त्यांनी खुशाल बसावे. मात्र फार वेळ एका जागी नको, आणि उठण्याची सवय मोडू देऊ नये. ज्यांना दुखते त्यांनी धार्मिक कार्यात खुर्ची मागण्यास लाजू नये. या बाबतीत यजमानांनीच न मागता खुर्ची पुढे करावी, हे अधिक शोभून दिसेल.

दुसरा आक्षेप भगिनींचा. ‘दिवसभर पायाला चक्र बांधल्यासारखी राबते, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न विचारणारी बाई आळशी नसते. ती थकलेली असते, आणि म्हणून तिला नीट उत्तर दिले पाहिजे. घरकामात पाय दमतात, पण बळावत नाहीत. ओट्यापासून फडताळापर्यंत आणि फडताळापासून मोरीपर्यंत जी लहान लहान पावले पडतात त्यांत मांडीच्या स्नायूला त्याच्या सवयीबाहेरचे काम कधीच मिळत नाही. आणि सवयीबाहेरचे काम, हळूहळू वाढवीत, दिल्याखेरीज स्नायू वाढत नाही. शिवाय दुखण्याचा एक कावा असा की, गुडघ्यात थोडीशी सूज वा पाणी झाले तरी मांडीचा स्नायू आपोआप ढिला पडतो. इच्छा असली तरी तो पुरता आखडत नाही. ढिल्या स्नायूमुळे गुडघ्याला हिसके अधिक, हिसक्यांमुळे सूज अधिक. हे रहाटगाडगे कोठेतरी थांबविलेच पाहिजे, आणि ते मांडीच्या बाजूने थांबविणे सर्वांत सोपे.

वजनाविषयी थोडक्यात, कारण हा उपदेश भगिनींना हवा त्याहून अधिक वेळा ऐकावा लागतो. गुडघ्यांची झीज असलेल्या स्थूल रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे आढळले. एका गुडघ्याची दिवसाला अडीच हजार पावले धरली तर एका किलोमागे दहा हजार किलो वाचतात. फ्रेमिंगहॅमच्याच स्त्रियांत, दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन कमी झालेल्यांना गुडघेदुखीच्या झिजेचा धोका निम्म्याहून कमी राहिला, असे १९९२ साली प्रसिद्ध झाले होते. वीस किलो उतरविण्याच्या प्रतिज्ञा करून पंधरा दिवसांत मोडण्यापेक्षा पाच किलोंचे ध्येय बरे. मात्र उपासतापासांनी वजन उतरविताना मांसही झडते, हे विसरू नये. सर्वांना वाढून उरलेले खाणाऱ्या बाईच्या ताटात डाळ, उसळ, दूध किंवा ज्यांना चालते त्यांनी अंडी-मासळी पुरेशी येते की नाही, हे घरातील इतरांनी पाहिले पाहिजे.

तेलाच्या मालिशाने बरे वाटते, म्हणून करावयास हरकत नाही. ते तेल कूर्चेपर्यंत पोहोचत नाही, इतकेच. गुडघ्यात कटकट वाजते, पण दुखत नाही व सूजही नाही, तर त्या आवाजाची धास्ती घेऊ नये. तरुण मुलींच्या उंच टाचांबद्दल मात्र एक आकडा सांगतो. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वीस निरोगी स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. उंच टाचांनी चालताना गुडघ्याच्या आतील बाजूवर ताण आणणारा पीळ सरासरीने २३ टक्क्यांनी वाढला होता.

घराची मांडणी बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. बसण्याची जागा उंच केली तर उठताना गुडघ्यास सोसावा लागणारा पीळ ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. चार इंचांचे लाकडी ठोकळे खुर्चीच्या पायांखाली घालण्यास सुताराला अर्धा तास लागतो. शौचकूप उंच बैठकीचा असावा, जिन्याला दोन्ही बाजूंस कठडा असावा, रोजचे डबे खालच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणावेत. काठी वापरावयाची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. आपल्याकडे नऊजणांपैकी सातजण ती दुखऱ्या बाजूलाच धरताना आम्ही पाहतो. जिना चढताना बरा पाय प्रथम वर, उतरताना दुखरा पाय प्रथम खाली.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा तो व्यायाम. डेन्मार्कमध्ये २०१३ सालापासून गुडघ्याच्या रुग्णांसाठी एक पद्धत चालू आहे. तीत रोगाची माहिती देऊन मग देखरेखीखाली बारा वेळा व्यायाम करवून घेतात. पुढे ती इतर देशांनीही उचलली. त्यात अवजड यंत्रे लागत नाहीत. खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरीवर चढणे-उतरणे, पाय बाजूला उचलणे, अशाच गोष्टी. पण गुडघा आत झुकू न देता, सावकाश, आणि दर आठवड्यास थोड्या वाढवीत. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरून सोडू नये. ते दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वीच्या पातळीवर उतरले म्हणजे प्रमाण योग्य होते. उतरले नाही तर प्रमाण कमी करावे, व्यायाम बंद करू नये. गुण येण्यास दोन-तीन महिने लागतात, हे आधीच सांगून ठेवतो. कारण बहुतेकजणी तिसऱ्या आठवड्यात निराश होतात.

यासाठी दिवसाला वीस मिनिटे लागतात, आणि खरी अडचण तेथेच आहे. आमच्या अनुभवास आलेली गोष्ट अशी की, शस्त्रक्रियेसाठी लाखो रुपये उभे करणारी कुटुंबे त्याच बाईला रोजची वीस मिनिटे मोकळी करून देऊ शकत नाहीत. संध्याकाळी ती भिंतीशी खुर्ची लावते, तो कोणाला तरी चहा हवा असतो. बंधूंनो, हे आम्ही आपणांस उद्देशून बोलत आहोत. शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही; सांधा पुरता झिजून गेल्यावर तिच्यासारखे वरदान नाही. पण तिच्या आधी आणि तिच्या नंतरही मांडीचे बळ लागतेच, आणि ते विकत मिळत नाही.

काही लक्षणे मात्र व्यायामावर सोपवू नयेत. गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला व ताप आला. पडल्यावर पायावर भार देता येईना. गुडघा मध्येच अडकून सरळ होईना. विश्रांतीतही आणि रात्रीही ठणका थांबेना. किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बोटांचे लहान सांधेही सुजत असतील आणि सकाळी तासभर आखडून राहत असतील तर तो निराळ्या जातीचा संधिवात असण्याचा संभव असतो. त्याची औषधे निराळी आहेत, आणि ती लवकर सुरू करावी लागतात.

आता बोलणे पुरे करून आम्ही चार व्यायाम प्रत्यक्ष दाखविणार आहोत. ज्या भगिनींना करून पाहावयाचे असतील त्यांनी आपापल्या खुर्च्या मागे भिंतीला टेकवून ठेवाव्यात, म्हणजे त्या सरकणार नाहीत. पदर खोचून घ्यावा, पादत्राणे काढावीत. पहिला व्यायाम खुर्चीतून उठण्याचा आहे: पावले खांद्यांइतकी दूर, गुडघे मधल्या बोटांच्या रेषेत, हात छातीशी, जमत नसेल त्यांनी हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवावेत. उठताना मनातल्या मनात तीन अंक मोजावेत, बसताना पाच.